महिन्याचा नेम

आम्हां पगारदारांचे बाराही महिने एकसारखे. फेब्रुवारी दोन दिवसांनी तोकडा असतो आणि मार्चात प्राप्तिकर पगाराला कात्री लावतो, एवढाच काय तो फरक. एक तारखेला पैसे येतात, वीस तारखेला संपतात आणि उरलेले दहा दिवस पुढच्या एक तारखेच्या आशेवर निघतात. अशा घरात वाढलेल्या माणसाला 'महिन्याचे उद्दिष्ट' ही गोष्ट फार सोपी वाटते. वर्षाला अमुक रुपये हवेत ना? मग भागिले बारा! येईल तो आकडा भिंतीवर लावा आणि लागा कामाला.

हाताने वस्तू करून विकणाऱ्याच्या मात्र हा भागाकार उपयोगी पडत नाही. कधीकधी तर तो अंगाशी येतो. हे मी कोठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घरी गेली आठ वर्षे हलव्याचे दागिने होतात, आणि त्या धंद्याची वही अलीकडे माझ्या स्वाधीन झाली आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या हाती हिशेबाची वही कशी आली, असे कोणी विचारील. तर घरात पंचांग नीट पाहता येणारा मी एकटाच उरलो आहे, आणि या धंद्यात पंचांगावाचून पान हलत नाही.

धंदा माझ्या वहिनींचा. पुण्यात, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही दोघे भाऊ वरखाली राहतो. प्रथम हौस म्हणून घरच्या एका नव्या सुनेसाठी वहिनींनी दागिने केले, मग तिच्या मैत्रिणींनी मागितले, आणि असे होता होता हौसेचा व्यवसाय झाला. तरी 2023 पर्यंत त्या पैशांवर घरातले काहीच अवलंबून नव्हते. त्या वर्षी दादांची कंपनी बंद पडली. पुढे नोकरी लागली, पण पगार निम्मा. पुतण्या तेव्हा नुकताच परगावी अभियांत्रिकीला गेलेला. फीसाठी बँकेचे कर्ज निघाले. वसतिगृहाचे वर्षाचे 36,000 रुपये मात्र वहिनींनी आपल्या अंगावर घेतले. "ते मी बघते," एवढेच त्या म्हणाल्या. हौसेला ओझे आले ते तेव्हापासून.

त्याच चिरंजीवांनी मग 2024 च्या एप्रिलात आईसाठी संगणकावर एक तक्ता करून दिला. 36,000 भागिले 12, म्हणजे महिन्याला 3,000. महिना पुरा झाला की रकाना आपोआप हिरवा, नाही झाला की तांबडा. तक्ता देखणा होता. वहिनींनी तो छापून स्वयंपाकघरात ओट्याच्या वर लावला. एप्रिल तांबडा. मे तांबडा. जून, जुलै, ऑगस्ट सगळे तांबडे. हलव्याचे दागिने ज्येष्ठात कोण घेणार? पण रोज पोळ्या लाटताना समोर ती तांबडी पट्टी. एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, नापास झालेल्या पोराची गुणपत्रिका आई ओट्यावर लावून ठेवील का हो?"

तिळगुळासारखी ही वस्तू मनात आले तेव्हा करता येत नाही, हे ज्यांनी घरी कधी हलवा केला नाही त्यांना सांगायला हवे. खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत घ्यायचा, परात अगदी मंद आचेवर ठेवायची आणि साखरेचा स्वच्छ केलेला पाक चमच्याचमच्याने वर सोडत बोटांनी दाणे हलवत राहायचे. पाक घाईने घातला की दाण्यांचे गोळे होतात. आच वाढली की साखर पिवळी पडते, भुगा सुटतो. एक चमचा मुरला की दुसरा. असे तीन-तीन, चार-चार दिवस एकाच परातीशी बसावे तेव्हा त्या दाण्यावर काटा फुटू लागतो. आणि तोही हवा कोरडी आणि थंड असली तरच. आभाळ भरून आले की काटा रुसला म्हणून समजा. पुण्यात नोव्हेंबराचा मध्य उलटल्याशिवाय वहिनी परात बाहेर काढत नाहीत, आणि काढली की पहाटे चारला उठतात. कारण त्या वेळच्या गारठ्यात जो काटा येतो तो दुपारी येत नाही.

हलवा झाला म्हणजे दागिना झाला असे नव्हे. दाण्याला मोत्यासारखे भोक पाडता येत नाही. दोऱ्याचा फास करून एकेक दाणा आवळायचा, गाठ मारायची, पुढचा घ्यायचा. जोरात आवळला तर काटा मोडतो, सैल ठेवला तर नववधूच्या गळ्यातून घरंगळतो. मुकुट, नथ, हार, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, शिवाय जावईबापूंसाठी हार, घड्याळ, गुच्छ आणि नारळ. एवढे मिळून एक संच. डिसेंबराच्या अखेरीस वहिनींच्या उजव्या तर्जनीला दोऱ्याने चीर पडलेली असते. त्यात साखर जाते. ती वेदना कशी असते हे मी विचारले नाही. चहाचा कप त्या डाव्या हाताने धरतात, तेवढे दिसते.

तर त्या तांबड्या पट्टीने काय केले ते ऐका. डिसेंबरापर्यंत नऊ महिने 'नापास' झालेल्या बाईने जो येईल त्याला होकार दिला, आणि वर मागणी नसतानाही संच करून ठेवले. आदल्या वर्षी, म्हणजे 2024 मध्ये, संक्रांतीनंतरही महिनाभर लोक येत राहिले होते, तसे याही वर्षी येतील असा त्यांचा अंदाज. 2025 ची संक्रांत झाली, आठ-दहा दिवस बरे गेले, आणि मग गिऱ्हाईक थांबले. नऊ संच उरले. साखरेची वस्तू, पावसाळ्याची हवा लागली की पाझरते. आषाढात ते संच उघडले तेव्हा काळ्या कापडावर नुसते चिकट डाग होते. सामान पाण्यात गेले ते गेलेच, शिवाय नव्याण्णव तासांचे काम.

महिना हे माप मुळात कारागिराचे नव्हेच. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' (1915) ज्यांनी वाचले असेल त्यांना आठवेल, की आपल्या सुतार-लोहार-कुंभारांचा हिशेब खळ्यावर होई. वर्षभर काम करावे आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे. त्या पद्धतीत अन्यायही पुष्कळ होता, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण काम आणि पैसा एकाच महिन्यात येत नाहीत हे तिने गृहीत धरले होते. याच्या उलट टोकाला लिज्जत पापड. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले. तिथे माप दिवसाचे. पीठ घरी न्यायचे, पापड लाटून वाळवून परत आणायचे आणि लाटणावळ घ्यायची. पापड बारमाही खपतो, म्हणून ते चालते. येवल्याला पैठणीच्या मागावर बसलेल्या विणकराला दिवस नाही नि महिना नाही; साधे काम असेल तर काही आठवडे, भरगच्च असेल तर कित्येक महिने, आणि तोवर एकच वस्तू मागावर. पेणच्या मूर्तिकारांचे गणपती गावाला जातात न जातात तोच कारखान्यांतून पुढच्या वर्षाची तयारी सुरू होते. ज्याचा त्याचा काळ वेगळा. प्रथम तो ओळखायचा आणि मग त्यात महिने बसवायचे. आमच्या तक्त्याने नेमके उलट केले होते.

2025 च्या वैशाखात, सुट्टी लागल्यावर, वहिनी आणि मी पंचांग घेऊन बसलो. पहिला उलगडा तिथेच झाला. हलव्याच्या दागिन्यांचा हंगाम संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण, बाळाचे बोरन्हाण, हळदीकुंकू, सारे या अवधीत. आता संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती 14 किंवा 15 जानेवारी सोडत नाही. रथसप्तमी माघातली तिथी. ती चंद्राबरोबर मागे-पुढे होते. 2024 साली संक्रांत 15 जानेवारीला आणि रथसप्तमी 16 फेब्रुवारीला होती. हंगाम 32 दिवसांचा. 2025 साली तोच 21 दिवसांवर आला. आणि 2026 साली रथसप्तमी 25 जानेवारीला, म्हणजे अवघे 11 दिवस! नऊ संच का उरले याचे उत्तर भिंतीवरच्या कालनिर्णयात होते. फक्त ते पाहायचे कोणाला सुचले नव्हते.

आणखी एक गंमत सापडली. लक्ष्मीपूजनापासून रथसप्तमीपर्यंतचे अंतर दरवर्षी सव्वातीन महिन्यांच्या आसपासच असते. दिवस-दोन दिवसांचा काय तो फरक. संक्रांत मात्र त्या अंतरात पुढेमागे सरकते. दिवाळी लवकर आली की दागिने करायला वेळ जास्त, विकायला कमी; दिवाळी उशिरा आली की याच्या नेमके उलट. वहिनी हे ऐकून बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे दिवाळीचा फराळ करतानाच कळतं की संक्रांत कशी जाणार!"

नंतर आम्ही रुपये बाजूला ठेवले आणि तास मोजले. घरचे सगळे सांभाळून वहिनींना दिवसाचे चार तास मिळतात, आठवड्याचे सहा दिवस. थंडी पडल्यापासून 10 जानेवारीपर्यंत आठ आठवडे. झाले 192 तास. वधूच्या एका संचाला एकूण 11 तास लागतात. पण त्यातले चार तास सांगाड्याचे, म्हणजे पुठ्ठा कापणे, तार वळवणे, सोनेरी कागद, जर, मणी यांचे. हे काम पावसाळ्यात होऊ शकते. थंडीतच करायला हवेत असे तास सात. बाळाच्या संचाला सांगाड्याचा एक तास आणि पुढे तीन. बोरन्हाणाचे 15 संच दरवर्षी हमखास जातात. त्यांचे 45 तास काढले की उरतात 147. भागिले सात, म्हणजे वधूचे 21 संच. वहिनींच्या दोन हातांतून 22 वा संच निघू शकत नाही, मग मागणी कितीही येवो. आठ वर्षांत हा आकडा प्रथमच कागदावर आला.

मी लगेच 21 लिहिणार तोच वहिनींनी हात धरला. "अठरा लिहा. तीन बोटाचे."

यापेक्षा शहाणे उद्दिष्ट मी कोठल्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेले नाही. (आमच्या महाविद्यालयात तो विषय शिकवणारे सहकारी हा लेख वाचतील तर क्षमा करतील.)

'उद्दिष्ट' हा शब्दही त्यांना पसंत पडला नाही. त्या 'नेम' म्हणतात. विचार केला तेव्हा मला तो फारच आवडला. मराठीत नेम धरतात तो निशाणावर, आणि नेम करतात तो चातुर्मासात. पहिल्यात बाण लागेल की नाही हे वाऱ्यावरही अवलंबून. दुसरा सर्वस्वी आपल्या हातचा. विक्री हा पहिल्या जातीचा नेम. रोज चार तास बसणे हा दुसऱ्या जातीचा. महिन्याच्या रकान्यात लिहायचा तो दुसरा, असे ठरले.

मग बारा रकान्यांचा नवा कागद झाला आणि त्यात कोठलेही दोन महिने सारखे राहिले नाहीत. चैत्र-वैशाखात विक्रीचा आकडाच नाही. त्या महिन्यांचा नेम एवढाच, की नव्या घाटाचा एखादा दागिना करून पाहायचा आणि मोडायचा. आषाढापासून भाद्रपदापर्यंत सांगाडे. आश्विनात फक्त खरेदी आणि फराळ. दिवाळीच्या महिन्यात गृहिणीकडून धंद्याची अपेक्षा करणारा तक्ता पुरुषानेच केलेला असणार. कार्तिक-मार्गशीर्षात परात. परदेशी जायचे संच डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात रवाना, कारण अमेरिकेतल्या नातवाच्या बोरन्हाणासाठी पुण्याची आजी मुकुट पाठवते तो वाटेत फुटला तर दुसरा करून पाठवायला दिवस हवेत. मागणीबरोबर निम्मा विसार; विसार नाही तर नाव वहीत नाही. पौषात विक्री. माघात हिशेब आणि बोटाला विश्रांती. एक नियम मी सुचवला तो मानला गेला: महिनाअखेरीस अर्धवट वस्तू मोजायची नाही. डबा बंद होऊन वर नाव लागले तरच एक.

जूनमध्ये मुंबईच्या एका दुकानदाराचा फोन आला. वधूचे 60 संच हवेत, संचाला 900 रुपये, पैसे रोख. एरवी वहिनी 1,800 ला विकतात, पण साठ म्हणजे साठ! दादांचे डोळे चमकले. 54,000 रुपये एकरकमी. वसतिगृह सुटले आणि वर उरले. मी वही उघडली. सामानाचे संचाला 350 जातात. 900 तून ते वजा जाता 550 उरतात; अकरा तासांनी भागले तर तासाला 50 रुपये. वहिनींच्या स्वतःच्या विक्रीत तोच तास सुमारे 132 रुपयांचा पडतो. आणि थंडीतले तास लागणार 420, हाताशी 192. म्हणजे माणसे लावायला हवीत, आणि त्या 50 रुपयांतच त्यांचीही मजुरी. दादा गप्प झाले. मलाही वाटले, विषय संपला.

वहिनींना मात्र तसे वाटले नाही. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यातले तास किती आहेत?" गौरी-गणपतीचे दिवस सोडून दहा आठवडे, 240 तास. त्यांतले 99 घरच्या सांगाड्यांना हवेत. उरले 141. त्यांनी स्वतःच दुकानदाराला फोन केला. दागिने देत नाही, नुसते सांगाडे देते. हलवा तुमचा तुम्ही लावा. सांगाड्याला 320 रुपये, 30 सांगाडे, भाद्रपद संपायच्या आत. सामान 100 चे, म्हणजे तासाला 55. मी म्हटले, "वहिनी, 132 च्या जागी 55?" त्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, पौषातला तास आणि श्रावणातला तास एक कसा? पौषातला मी 50 ला देणार नाही. श्रावणातला कोणी विचारत नव्हतं, त्याचे 55 आले." दुकानदाराने थोडी घासाघीस केली आणि कबूल झाला. ज्या महिन्यांना आमचा तक्ता तांबडे करीत होता त्या महिन्यांत 2025 साली प्रथमच पैसे आले.

नेमाची अवघड बाजू पुढे होती. डिसेंबर संपायच्या आत 18 नावे भरली आणि त्यानंतर अकरा जणींना नाही म्हणावे लागले. आम्ही नोकरदार 'नाही' सहज म्हणतो, कारण आमचे गिऱ्हाईक उद्या पुन्हा यायचेच असते. विद्यार्थी जाणार कुठे? घरगुती धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे शेजार, नातेवाईक, ओळखीपाळखीचे. गल्लीतल्या एक काकू 5 जानेवारीला आल्या. आठ वर्षांचा घरोबा. वहिनींचा पहिला विकत गेलेला हार त्यांनीच घेतला होता. नातसुनेसाठी संच हवा होता. वहिनींनी वही दाखवली, दुसऱ्या एका चांगल्या कारागीर बाईंचा पत्ता दिला. "माझ्यासाठी एक होत नाही?" एवढे बोलून काकू उठल्या. तेव्हा कागदावर तीन संचांची जागा होती हे मला ठाऊक होते, आणि वहिनींनाही. पण तर्जनीला चीर पडून चार दिवस झाले होते आणि अठरातले दोन अजून बांधायचे होते. काकू त्या वर्षी हळदीकुंकवाला आल्या नाहीत. पुढे चैत्रगौरीला आल्या, पण पन्हे घेऊन लगेच निघाल्या. हा तोटा वहीत कोठल्या रकान्यात मांडावा, मला अजून सुचलेले नाही.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी बेरीज केली. वधूचे 18 संच, सामान वजा जाता 26,100. बाळांचे 15, त्यांचे 8,250. सांगाड्यांचे 6,600. एकूण 40,950 रुपये. घरात एकही संच शिल्लक नाही. वसतिगृहाचे पैसे भरून 4,950 राहिले. त्यांतून वहिनींनी हवाबंद डबे घेतले आणि चिरंजीवांना एक शर्ट. चिरंजीवांनी जुना तक्ता संगणकावरून काढून टाकल्याचे कळवले. नव्या कागदाचा तक्ता करून देतो म्हणाले. वहिनींनी कागदच बरा म्हणून सांगितले.

2026 साली ज्येष्ठ अधिक आला आणि कागदावर तेरावा रकाना आखावा लागला. अधिकात जावयाला वाण, अनारसे, हे सगळे होऊनही त्या महिन्यात सात सांगाडे झाले. दिवाळी मात्र नोव्हेंबरात गेली आणि रथसप्तमी 2027 च्या 13 फेब्रुवारीला. म्हणजे संक्रांतीनंतर जवळजवळ महिना मोकळा, आणि थंडीही तोवर टिकते. तेव्हा संक्रांतीपूर्वीचे 18 कायम ठेवून माघाच्या रकान्यात प्रथमच एक आकडा लिहिला गेला आहे: वधूचे 4 संच. त्यातल्या एकापुढे गल्लीतल्या काकूंचे नाव आहे. त्यांनी अजून मागितलेला नाही. विसारही आलेला नाही.